गाडीची चकाकी : कोणते पॉलिश, कोणता पॅड?



खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडे कोयता, खुरपे, औषध मारायचा पंप, ट्रॅक्टर सारे धुऊन-पुसून पूजेला मांडण्याची रीत आहे. अलीकडे त्या ओळीत दारातली चारचाकीही येऊन उभी राहिली आहे. कोणी ऊसबिलाच्या पैशातून नवी घेतली, कोणी थोडे कर्ज काढून वापरलेली घेतली. पण वर्ष-दोन वर्षांत तिची रया जाते. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसू लागतात. गडद रंगाची गाडी असेल तर विचारूच नका. मग पारावरचा कोणीतरी जाणकार सांगतो, "अहो, कंपाउंडचा एक डबा आणा, ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावा, अर्ध्या तासात आरसा होतोय बघा!"

हा सल्ला आम्हीही एकदा मानला. डबा आणला, पॅड चढवला, बॉनेटच्या पुढच्या कडेवर मशीन टेकवले. क्षणभर चमक आली, मग जळका वास आला, आणि हात उचलून पाहतो तो कडेवर बोटभर लांब राखाडी पट्टा! खालचे अस्तर उघडे पडले होते. पुढे ते बॉनेट रंगवूनच घ्यावे लागले, आणि कंपनीच्या रंगाशी तो रंग आजतागायत जुळलेला नाही. हा अनुभव आमच्या पदरचा आहे. तो इतरांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लॅकरला खोडवा फुटत नाही

पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणे, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. पॉलिश करणे म्हणजे वरचा थर अतिशय बारीक घासून काढणे. चरा म्हणजे थरातली नाली. नालीच्या दोन्ही बाजूंचे काठ घासून नालीच्या तळापर्यंत आणले की नाली दिसेनाशी होते. ती भरली जात नाही, सभोवतालची पातळी खाली येते.

आता हा थर आहे तरी केवढा? आजच्या बहुतेक गाड्यांना पत्र्यावर गंज-प्रतिबंधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. या वरच्या थराला क्लिअर कोट किंवा बोलीत लॅकर म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा. त्यात लॅकर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचे. वर्तमानपत्राचा कागदही त्याहून जाड असतो. ऊन-पावसापासून रंगाला वाचवणारे जे काही आहे ते एवढेच.

उसाचा खोडवा येतो, लॅकरचा खोडवा येत नाही. एकदा गेलेला थर परत फुटत नाही. फार पातळ झालेले लॅकर पुढे उन्हाने पांढरे पडते, पापुद्रे निघू लागतात. म्हणून पुढची सारी निवड, पॉलिशची काय नि पॅडची काय, एकाच हिशेबाने करावयाची : ज्या सौम्यातल्या सौम्य जोडीने काम भागेल, तिनेच भागवायचे.

जुन्या जीपचे, अॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांचे व पुष्कळ ट्रॅक्टरचे काम थोडे निराळे. त्यांना वेगळे लॅकर नसते, रंग हाच वरचा थर. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून पहा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर ती या जातीची. घाबरण्याचे कारण नाही, पण फडक्यावर येतो तो रंगच आहे हे लक्षात ठेवावे. ज्या गाड्यांना मुद्दाम बिनचमकेचा, मॅट रंग दिलेला असतो, त्यांना मात्र पॉलिश अजिबात लावू नये.

चरे येतात कोठून?

बहुतेक चरे आपल्याच हाताने पडतात. आपल्या भागात धुळीबरोबर चिमणीची काजळीही बसते. बगॅसच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, भरपूर असतो. ती दिसायला मऊ, पण कोरड्या फडक्याने झटकली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखीच गत होते. उसाच्या सरीकडेने गाडी घातली तर पाल्याच्या कडा घासतात, त्या कडांतही सिलिका असते. बोअरच्या जड पाण्याने धुऊन गाडी उन्हात तशीच वाळू दिली तर क्षाराचे पांढरे ठिपके उठतात.

यास्तव पॉलिशच्या आधी गाडी नीट धुणे हे निम्मे काम आहे. दोन बादल्या घ्या : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. आधी पाण्याच्या धारेने काजळी सोडवून घ्या, मग मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने वरून खाली धुवा. वाळल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावर बोटे फिरवा. खरखर लागली तर मळ अजून चिकटलेला आहे. तो काढण्यासाठी क्ले बार नावाची चिकणमातीसारखी वडी मिळते, ती भरपूर ओलावा देऊन हलक्या हाताने फिरवावी. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी, मोह करू नये.

पॉलिशचे चार प्रकार

दुकानात गेले की बाटल्यांची रांग पाहून माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात प्रकार चारच आहेत.

१. कंपाउंड. यातले घासणारे कण जोरकस. खोल चरे काढते, पण स्वतःचीच धूसर खूण मागे ठेवते. त्यामुळे यानंतर बारीक पॉलिशचा हात द्यावाच लागतो.

२. मध्यम पॉलिश. रोजच्या चऱ्यांवर बहुधा पुरेसे होते, आणि बऱ्याच गाड्यांवर याच्या एका हाताने काम संपते.

३. बारीक किंवा फिनिशिंग पॉलिश. धूसरपणा घालवून खोल चमक आणते. खोल चऱ्यांना याचा उपयोग नाही.

४. मेण व सीलंट. यात घासणारा कण नसतो. हे चरा काढत नाही, झालेल्या कामावर पांघरूण घालते.

काही बाटल्यांत घासणे आणि मेण दोन्ही एकत्र असतात. घाईच्या माणसाला त्या बऱ्या. पण काही पदार्थ तेलाने व भराव्याने चरे नुसते झाकतात, आणि दोन धुण्यांत सारे उघडे पडते. बाटलीवरचा 'कट'चा आकडाही त्याच कंपनीच्या इतर बाटल्यांशी ताडून पाहण्यापुरताच खरा. एका कंपनीचा पाच आणि दुसरीचा पाच सारखे नसतात.

कोयत्याला धार लावताना आपण आधी कानस मारतो, मग बारीक दगड. पॉलिशची रीत तीच, फक्त इथे सुरुवात बारीक दगडाने करून पाहायची. त्याने भागले तर कानस पेटीतून काढायचीच नाही.

पॅडचे प्रकार

नवशिक्याची चूक अशी की तो सारे लक्ष बाटलीवर देतो आणि पॅड मिळेल तो उचलतो. वास्तविक तेच पॉलिश कडक पॅडवर जोरात घासते आणि मऊ पॅडवर हळुवार चालते. अर्धे काम पॅडचे आहे.

*लोकरीचा पॅड* सर्वांत जोरात घासतो. गॅरेजमधल्या सरावलेल्या हाताचे ते हत्यार आहे. *मायक्रोफायबरचा पॅड* त्याच्या खालोखाल, हाही नवशिक्याने पहिल्या गाडीला टाळावा. *फोमचे पॅड* तीन तऱ्हेचे : कडक (कटिंग), मध्यम (पॉलिशिंग) आणि मऊ (फिनिशिंग). आपला संबंध मुख्यतः मध्यम आणि मऊ फोमशी.

येथे एक मोठी खबरदारी. पॅडच्या रंगावर जाऊ नका. खताच्या पोत्याचा रंग पाहून खत ओळखावे, तसा हा प्रकार नाही. इटलीच्या रुपेस कंपनीचा पिवळा पॅड बारीक कामाचा, तर अमेरिकेच्या लेक कंट्री कंपनीचा पिवळा पॅड कटिंगचा. "मागच्या वेळचा पिवळाच द्या" असे सांगून दुसऱ्याच कंपनीचा पॅड घरी आला तर काम उलटे होईल. पाकिटावरचे शब्द वाचा, आणि बोटाने दाबून मऊपणा पहा.

मापाचे म्हणाल तर मशीनच्या पाच इंची तबकडीला साडेपाच इंची पॅड बहुतेक कामाला सोईचा. खांब, आरशाची पाठ, दरवाज्याच्या मुठीखालची जागा यांना तीन इंची पॅड लागतो. पहिल्या गाडीसाठी चार मध्यम, दोन मऊ आणि एक कडक एवढी बेगमी असावी. "एकाच गाडीला सात पॅड कशाला?" असे कोणी म्हणेल. पॅड पॉलिशने आणि निघालेल्या लॅकरच्या भुकटीने भरून जातो, तापतो, आणि मग घासण्याऐवजी चोळू लागतो. एक पॅड पूर्ण गाडीवर रेटणे म्हणजे बोथट कोयत्याने फड तोडणे. पॉलिश मात्र मध्यम एक आणि बारीक एक, अशा दोन लहान बाटल्या पुरतात. कंपाउंड लागलेच तर नंतर आणता येते.

मशीन : ग्राइंडर नको

वर्कशॉपमधल्या चार इंची ग्राइंडरची तबकडी मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तो लोखंड कापण्यासाठी केलेला आहे. पॉलिशचे रोटरी मशीन साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांत चालते, आणि तेही नवख्या हाताला अवघडच. ते एकाच जागी गोल फिरते, उष्णता एका ठिकाणी साठते आणि कडेवर क्षणात अस्तर उघडे पडते. आमच्या बॉनेटची कथा वर सांगितलीच आहे.

नवशिक्याने 'ड्युअल अॅक्शन', बोलीत 'डीए', मशीन घ्यावे. याची तबकडी फिरतेही आणि आसाभोवती हेलकावेही खाते. त्यामुळे उष्णता पसरते. जास्त दाबले किंवा पॅड तिरका झाला की तबकडीचे फिरणे मंदावते किंवा थांबते. म्हणजे आपली चूक मशीन आपल्याला दाखवून देते. तबकडीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना रेघ फिरताना दिसली तर दाब बरोबर आहे, एका जागी थरथरताना दिसली तर हात हलका करा. मशीन नसेल तर लहानसा भाग हातानेही करता येतो, मात्र पूर्ण गाडी हाताने सारखी होत नाही.

जोडी कशी जुळवावी?

प्रत्येक कंपनीच्या लॅकरचा कठीणपणा निराळा. शेजाऱ्याच्या गाडीला जे चालले ते आपल्या गाडीला चालेलच असे नाही. माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये म्हणतात ना, तसेच हे. बॉनेटवर किंवा डिकीवर दीड-दोन फुटांचा चौकोन चिकटपट्टीने आखा आणि तेवढ्यावरच प्रयोग करा.

पहिली पायरी : बारीक पॉलिश आणि मऊ पॅड.
दुसरी पायरी : तेच पॉलिश, मध्यम पॅड.
तिसरी पायरी : मध्यम पॉलिश, मध्यम पॅड.
चौथी पायरी : कंपाउंड आणि कडक पॅड. ही फक्त गरजेच्या जागी, आणि त्यानंतर पुन्हा बारीक पॉलिशचा हात.

प्रत्येक पायरीनंतर जागा पुसून टॉर्चच्या उजेडात तिरकी पहा. त्याआधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती हलकी पुसावी, कारण पॉलिशचे तेल चरे लपवून खोटे समाधान देते. ज्या पायरीवर मन भरेल तेथेच थांबा. ती जोडी वहीत लिहून ठेवा आणि पूर्ण गाडीला तीच वापरा. अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच काम होते. पारावरचे जाणकार मात्र चौथ्या पायरीवरून सुरुवात करायला सांगतात!

हात कसा चालवावा?

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. रबर, काळे प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या उठावदार कडा यांवर चिकटपट्टी लावा. कडेवर थर मुळातच पातळ असतो.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे. अधिक घातल्याने अधिक चमक येत नाही, उलट पॅड लवकर भरतो. पॅड आधी पत्र्यावर टेकवा, मगच मशीन सुरू करा, नाहीतर शिंतोडे थेट अंगावर. कमी वेगात पॉलिश पसरवून घ्या, मग वेग मध्यमाच्या थोडा वर न्या. सेकंदाला एखादा इंच अशा संथ गतीने आडवे चालवा, मग उभे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा, जशी पेरणी करताना एकही ओळ सुटू देत नाही तशी. असे आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे झाले की पुसून पहा. मधून मधून पत्र्याला हात लावावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. प्लॅस्टिकच्या बंपरवर अधिक जपावे, कारण प्लॅस्टिक उष्णता लवकर सोडत नाही.

दर चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडा. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका. अंगणातला एक खडा बॉनेटभर नवे चरे ओढतो. काम संपल्यावर पॅड सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा. वायर अंगणातल्या ओल्यात पडू देऊ नये, प्लगला अर्थिंग आहे याची खात्री करावी.

कोठे थांबावे?

चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तो चरा पॉलिशने पूर्ण काढण्याच्या नादी लागू नका. लॅकरच संपेल. त्याच्या कडा मऊ झाल्या की तो नजरेत कमी भरतो, तेवढे पुरे. सोळा आणे निकालाचा हट्ट नको. बारा-चौदा आणे चरे गेले आणि थर शिल्लक राहिला, हाच खरा फायद्याचा व्यवहार.

वापरलेली गाडी घेतलेल्या सभासदांनी विशेष सांभाळावे. एखादा दरवाजा पूर्वी रंगवलेला असू शकतो, आणि तेथले लॅकर कंपनीच्या थरासारखे वागेलच असे नाही. थर मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते कोणाकडे असेल तर अवश्य मोजून घ्यावे. नसेल तर अशा भागावर पहिल्या-दुसऱ्या पायरीपुढे जाऊ नये. दर दसऱ्याला कंपाउंड मारण्याची सवय तर कोणीच लावून घेऊ नये. एकदा चरे काढले की नंतर धुणे सांभाळायचे आणि मेण लावत राहायचे.

शेवटचा हात : मेणाचा

पॉलिशने उघडा पडलेला थर मेणाने किंवा सीलंटने झाकावा. मेण अगदी पातळ लावायचे, बाटलीवर लिहिल्याइतका वेळ द्यायचा आणि मऊ फडक्याने पुसायचे. गाड्यांच्या मेणात कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण नावाजलेले आहे.

पण मेण आपल्याही घरात आहे बरे का! उसाच्या कांड्यावर पेराखाली जी पांढरी भुकटी बोटाला लागते, ते उसाचे मेणच. उन्हापासून व पाणी उडून जाण्यापासून ऊस स्वतःला त्याने राखतो. गाळपात ते बरेचसे प्रेसमडमध्ये उतरते. तेथून ते वेगळे काढता येते आणि पॉलिशच्या कामी वापरताही येते. कांड्यावरचे ते मेण आपण रोज पाहतो. गाडीच्या अंगावरही तसेच पातळ पांघरूण असावे, एवढाच याचा बोध.

चौघांत एक मशीन

शेवटी एक सूचना. डीए मशीन वर्षातून एक-दोनदाच लागणार. प्रत्येकाने ते स्वतंत्र घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा भावकीतल्या, शेजारच्या चार सभासदांनी मिळून एक घ्यावे. एकाचे काम चालू असताना इतरांनी पाहावे, म्हणजे शिकणेही होते. पॅड आणि फडकी मात्र ज्याची त्याने वेगळी ठेवावीत, कारण एकाच्या गाडीची वाळू दुसऱ्याच्या बॉनेटवर जायला नको. सहकारात सारे वाटून घ्यावे, चरे तेवढे वाटून घेऊ नयेत!

यंदा पूजेला गाडी उभी कराल तेव्हा ती आरशासारखी दिसावी, आणि तिचे लॅकर पुढच्या अनेक दसऱ्यांना पुरावे, हीच सदिच्छा. कोणा सभासदाने हा प्रयोग केला तर कोणत्या पायरीवर काम भागले ते आम्हास जरूर कळवावे. इतरांना त्याचा उपयोग होईल.